विदर्भातील व्याघ्र सफारी

विदर्भातील व्याघ्र सफारी म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील व्याघ्र प्रकल्प व अभयारण्ये यांमध्ये, वन विभागाने ठरवून दिलेल्या रस्त्यांवरून, नोंदणीकृत वाहनातून आणि मार्गदर्शकासोबत केली जाणारी वन्यजीवदर्शन फेरी होय. वाघ त्याच्या नैसर्गिक अधिवासात पाहणे हा तिचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रातील सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाच विदर्भात आहेत. सहावा, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, पश्चिम महाराष्ट्रात आहे. यांशिवाय टिपेश्वर आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांतही व्याघ्रदर्शनासाठी सफारी चालते.

प्राणिसंग्रहालयातील कुंपणबंद सफारी आणि मुक्त वनातील सफारी यांत मूलभूत फरक आहे. नागपूर येथील गोरेवाडा प्राणिउद्यानात २६ जानेवारी २०२१ पासून भारतीय सफारी सुरू झाली. तेथील वाघ बंदिस्त क्षेत्रात ठेवलेले व पोसलेले असतात. मुक्त वनात मात्र वाघ दिसेलच अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. प्रवेश शुल्क हे वनात जाण्याचे असते, वाघ दिसण्याचे नव्हे.

संज्ञा

सफारी हा शब्द पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतून जगभर रूढ झाला. त्याचे मूळ अरबीतील सफर या शब्दात असून, तोच शब्द फारसीमार्गे मराठीतही फार पूर्वीपासून प्रवास या अर्थाने वापरात आहे. वन विभागाच्या कागदपत्रांत निसर्ग पर्यटन हा व्यापक शब्द आढळतो. बोलण्यात मात्र सफारी हाच शब्द प्रचलित आहे.

महाराष्ट्राच्या अनेक भागांत वाघ हा शब्द बिबट्यासाठीही वापरला जातो. त्यामुळे वाघ दिसल्याच्या स्थानिक बातमीचा अर्थ लावताना गोंधळ होतो. हा भेद स्पष्ट करण्यासाठी पट्टेदार वाघ असा शब्दप्रयोग केला जातो.

इतिहास

शिकारीपासून दर्शनापर्यंत

ब्रिटिश काळात मध्य प्रांत व वऱ्हाडातील वने शिकारीसाठी प्रसिद्ध होती. मचाणावर बंदूक घेऊन बसलेला शिकारी आणि ढोल-डबे वाजवीत जनावरांना त्याच्या दिशेने हाकणारे गावकरी, ही हाक्याची पद्धत त्या काळी सर्रास वापरली जात असे. आजच्या सफारीतील मचाण, पाणवठ्यावरची प्रतीक्षा आणि पाऊलखुणांचे वाचन या गोष्टी शिकारीच्याच परंपरेतून आलेल्या आहेत.

ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारीस बंदी घालण्यात आली. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. देशभर वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे वाघाला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९७३ मध्ये केंद्र शासनाने व्याघ्र प्रकल्प ही योजना सुरू केली. तिच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाटाचा समावेश होता. त्यानंतर ताडोबा-अंधारी, १९९९ मध्ये पेंच, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा आणि २०१४ मध्ये बोर या क्षेत्रांना व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

२०१२ चा न्यायालयीन निर्णय

व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र असे दोन भाग असतात. गाभा क्षेत्रातून गावे हलवली जात असताना तेथेच पर्यटकांना प्रवेश का द्यावा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने गाभा क्षेत्रातील पर्यटनास अंतरिम स्थगिती दिली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१२ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केल्यानंतर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ही स्थगिती उठली. या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनास परवानगी देता येते. वाहनांची संख्या क्षेत्राच्या वहनक्षमतेनुसार मर्यादित ठेवणे, वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखणे आणि प्राण्यांना आमिष न दाखवणे ही बंधनेही त्यांत आहेत.

सफारीचे स्वरूप

सफारी दिवसातून दोन वेळा होते: सूर्योदयाच्या सुमारास सुरू होणारी सकाळची फेरी आणि दुपारनंतर सुरू होऊन सूर्यास्ताच्या सुमारास संपणारी दुसरी फेरी. वाघ उन्हाच्या वेळी सावलीत किंवा पाण्यात पडून राहतो आणि पहाटे व संध्याकाळी अधिक हालचाल करतो. वेळा त्यानुसारच ठरलेल्या आहेत. प्रवेशद्वाराला सर्वत्र गेट असे म्हणतात. प्रत्येक गेटमधून एका फेरीत किती वाहने सोडायची हे ठरलेले असते. आरक्षण आगाऊ व ऑनलाइन करावे लागते आणि आरक्षणाच्या वेळी दिलेले ओळखपत्र गेटवर दाखवावे लागते.

फेरीसाठी बहुधा उघडी जिप्सी वापरली जाते. तिच्यात सामान्यतः सहा पर्यटक, एक चालक आणि एक मार्गदर्शक असतो. मार्गदर्शक व चालक बहुतांशी लगतच्या गावांतील असतात. वाहनातून खाली उतरणे, गोंगाट करणे, रस्ता सोडून वाहन नेणे, कचरा टाकणे आणि प्राण्यांना खायला घालणे यांस मनाई आहे.

गाभा क्षेत्रातील सफारी साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० जून या काळात चालते. पावसाळ्यात कच्चे रस्ते खचतात, म्हणून गाभा क्षेत्र बंद ठेवले जाते. काही बफर क्षेत्रांतील फेऱ्या मात्र परिस्थितीनुसार सुरू राहतात. ताडोबात मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते.

वाघाचा माग

सफारीतील व्याघ्रदर्शन बरेचसे मार्गदर्शकाच्या निरीक्षणावर अवलंबून असते. वाघाचा माग काढण्याच्या मुख्य खुणा पुढीलप्रमाणे आहेत.

पाऊलखुणा: वाघ दाट झुडपांपेक्षा मोकळ्या कच्च्या रस्त्यावरून चालणे पसंत करतो. त्यामुळे रस्त्यावरील धुळीत त्याच्या पंजांचे ठसे उमटतात. ठशाच्या कडा धारदार असतील आणि त्यावर चाकाची खूण नसेल तर तो ताजा मानला जातो. ठशावर दव किंवा पाने पडलेली असतील तर तो जुना असतो. नराचा पंजा तुलनेने चौकोनी, तर मादीचा किंचित लांबट असतो.

इशारे: वाघाची चाहूल लागताच चितळ, सांबर, भेकर आणि वानर विशिष्ट आवाज काढून कळपाला सावध करतात. मार्गदर्शकांच्या भाषेत याला कॉल म्हणतात. चितळ पुष्कळदा किरकोळ हालचालीनेही ओरडते. त्यामानाने सांबराचा इशारा अधिक विश्वासार्ह मानला जातो. वानर झाडाच्या शेंड्यावरून दूरवर पाहू शकत असल्याने त्याच्या नजरेच्या दिशेवरून वाघाची जागा ताडता येते. कॉल ऐकू येताच वाहनाचे इंजिन बंद करून शांत थांबण्याची पद्धत आहे.

पाणवठे: उन्हाळ्यात नाले आटतात, गवत वाळते आणि सागाची पाने गळतात. नजर दूरवर पोहोचते आणि प्राणी मोजक्या पाणवठ्यांभोवती एकवटतात. म्हणून एप्रिल-मे हे व्याघ्रदर्शनासाठी सर्वांत अनुकूल महिने समजले जातात. हिवाळ्यात हवा सुखद असली तरी झाडी दाट असल्यामुळे दर्शनाची शक्यता तुलनेने कमी असते.

प्रमुख सफारी क्षेत्रे

ताडोबा-अंधारी

चंद्रपूर जिल्ह्यातील या व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र गाभा व बफर मिळून सुमारे १,७२७ चौ. किमी. आहे. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी व पांगडी ही गाभा क्षेत्राची गेट आहेत. गोंड समाजाच्या श्रद्धेनुसार तारू या देवतेवरून ताडोबा हे नाव पडले. वाघाशी झुंजताना मरण आलेल्या तारूचे स्थान ताडोबा तलावाच्या काठी आहे. मोहर्ली-ताडोबा रस्त्यालगतचे जुने दगडी खांब गोंडकालीन असल्याचे सांगितले जाते. साग, बांबू, ऐन, मोह, तेंदू ही येथील प्रमुख झाडे असून चितळ, सांबर, रानगवा, रानडुक्कर असे विपुल भक्ष्य असल्याने वाघांची घनता मोठी आहे. राज्यात व्याघ्रदर्शनासाठी सर्वाधिक प्रसिद्ध असलेले हे क्षेत्र आहे.

मेळघाट

अमरावती जिल्ह्यातील सातपुड्याच्या डोंगररांगांत पसरलेल्या या प्रकल्पाचे गाभा क्षेत्र सुमारे १,५०० चौ. किमी. आहे. सेमाडोह, कोलकास व हरिसाल ही येथील परिचित ठिकाणे असून अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यातून शहानूर गेट व नरनाळा किल्ल्याकडे जाता येते. खोल दऱ्या, उंच सागवन आणि विरळ भक्ष्य यांमुळे येथे वाघ क्वचितच दिसतो. कोरकू समाजाची वस्ती, पक्षिजीवन आणि डोंगराळ निसर्ग ही मेळघाटातील सफारीची वैशिष्ट्ये आहेत.

पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा

पेंच व्याघ्र प्रकल्प नागपूर जिल्ह्यात मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असून सिल्लारी, चोरबाहुली व खुर्सापार ही त्याची गेट आहेत. वर्धा जिल्ह्यातील बोर हा आकाराने लहान प्रकल्प आहे. नवेगाव-नागझिरा प्रकल्प गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेला आहे. मराठी साहित्यात या वनाला विशेष स्थान आहे: व्यंकटेश माडगूळकर यांनी नागझिरा या नावाने पुस्तक लिहिले, तर वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांचे नाव नवेगावच्या तलाव व वनांशी जोडले गेले आहे.

टिपेश्वर

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौ. किमी. आहे. सुन्ना व माथनी येथून प्रवेश करता येतो. क्षेत्र लहान असूनही येथे वाघांचे प्रजनन चांगले झाले. परिणामी वयात आलेल्या नर वाघांना नव्या जागेच्या शोधात अभयारण्याबाहेर पडावे लागते.

वाशिम जिल्हा आणि वाघांचे भ्रमण

वाशिम जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्प नाही. कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठीचे अभयारण्य आहे, तर काटेपूर्णा अभयारण्य अकोला व वाशिम जिल्ह्यांच्या सीमाभागात आहे. कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावांच्या परिसरात कापूस, सोयाबीन व तुरीची शेती असून काळवीट, रोही आणि रानडुक्कर हे तेथील शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचे वन्यप्राणी आहेत. या भागातून व्याघ्र सफारीसाठी जाणाऱ्यांना उत्तरेस अमरावतीमार्गे किंवा अकोटमार्गे मेळघाट आणि आग्नेयेस यवतमाळ-पांढरकवडामार्गे टिपेश्वर ही क्षेत्रे सोयीची आहेत.

पर्यटक मेळघाट किंवा टिपेश्वरकडे ज्या प्रदेशातून जातात, त्याच प्रदेशातून वाघही ये-जा करतात, हे २०१९ मध्ये ठळकपणे समोर आले. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या टी१सी१ या नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली होती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो टिपेश्वर सोडून निघाला. महाराष्ट्र व तेलंगणातील अनेक जिल्ह्यांतील शेते, नाले, माळराने आणि रस्ते ओलांडीत, हिंगोली-वाशिम पट्ट्यातून तो डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. अभ्यासकांमध्ये तो वॉकर या नावाने ओळखला जातो. एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढण्यात आली तोपर्यंतची त्याची एकूण पायपीट सुमारे ३,००० किमी. भरली. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ मराठवाड्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात आढळला.

या वाघांनी बहुतेक प्रवास रात्री आणि माणसांची नजर चुकवून केला. ज्या गावांतून ते गेले तेथील अनेकांना त्यांची चाहूलही लागली नाही. सफारी क्षेत्र हे वाघाचे संपूर्ण विश्व नसून त्याच्या भ्रमणप्रदेशाचा एक सुरक्षित तुकडा आहे, हे अशा प्रवासांतून दिसून येते. वाशिम जिल्ह्यातील नाल्याकाठची झाडी, गायराने आणि लहान वनखंड या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून जातो. या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधलेले आहेत. पेंच परिसरातील राष्ट्रीय महामार्ग ४४ वरील अशा भुयारी मार्गांचा वाघांनी उपयोग केल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे.

पाणवठ्यावरील निसर्गानुभव

वैशाखातील बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी पाहण्याचा निसर्गानुभव हा उपक्रम राज्याच्या वनक्षेत्रांत होतो. मेळघाटाप्रमाणेच ज्ञानगंगा व काटेपूर्णा यांसारख्या अभयारण्यांतही तो घेतला जातो. चंद्रप्रकाशामुळे प्राणी ओळखता येतात आणि उन्हाळ्यामुळे ते पाण्यावर येतातच, हे त्यामागचे सूत्र आहे. पूर्वी अशा रात्री प्राणिगणना होत असे. एकच प्राणी दोनदा मोजला जाण्याची शक्यता असल्याने आज व्याघ्रगणनेसाठी कॅमेरा ट्रॅप पद्धत वापरली जाते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते व तिच्यावरून त्याची ओळख पटते. या पद्धतीनुसार महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ मधील १०३ वरून २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली.

स्थानिक अर्थव्यवस्था

सफारीमुळे मार्गदर्शक, जिप्सीचालक, निवास व उपाहारगृहांतील कर्मचारी अशा रोजगाराच्या संधी निर्माण झाल्या. ताडोबात महिलाही मार्गदर्शक म्हणून काम करतात. बफर क्षेत्रातील गावांत ग्राम परिस्थितिकीय विकास समित्या स्थापन झाल्या असून, २०१५ मध्ये सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून गावांना स्वयंपाकाचा गॅस, सौर कुंपण यांसारख्या सुविधा दिल्या जातात. सरपणासाठी वनात जाण्याची गरज कमी करणे हा यामागील एक उद्देश आहे.

हा लाभ सर्वत्र सारखा पोहोचत नाही. गेटजवळच्या गावांना रोजगार मिळतो. गेटपासून दूर असलेल्या गावांच्या वाट्याला मात्र वाघाचा वावर, जनावरांवरील हल्ले आणि पिकांची नासाडी येते. व्याघ्रदर्शनासाठी सर्वांत अनुकूल असलेला उन्हाळा हाच मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्याचा हंगाम आहे. पर्यटक वाहनात बसून ज्या काळात वाघ शोधतात, त्याच काळात गावकरी पायी आणि वाकून पाने तोडीत वनात असतात. चंद्रपूर जिल्ह्यात माणसांवरील हल्ल्यांच्या अनेक घटना याच कामाच्या वेळी घडल्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव भागातील १३ जणांच्या मृत्यूंशी संबंध जोडल्या गेलेल्या टी१ या वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी ठार करण्यात आले. तिला मारण्याच्या पद्धतीवरून देशभर वाद झाला.

टीका आणि वाद

वाघ दिसताच वाहनांनी गर्दी करणे ही सफारीविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव मार्गावर एफ-२ ही वाघीण व तिचे पाच बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवल्याचे चित्रण प्रसारित झाले. संबंधित चालक व मार्गदर्शकांवर वन विभागाने कारवाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. बछडे आईपासून तुटणे, शिकारीत व्यत्यय येणे आणि वाहनांना सरावलेल्या वाघाची माणसाविषयीची भीती कमी होणे हे अशा गर्दीचे धोके मानले जातात.

विशिष्ट वाघांना नावे देऊन प्रसिद्धी देण्याच्या प्रथेवरही टीका होते. वन विभाग वाघांना क्रमांक देतो. पर्यटक, मार्गदर्शक व छायाचित्रकार त्यांना माया, वाघडोह, जय अशी नावे देतात. नागझिऱ्याहून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडला येथे आलेला जय हा वाघ मोठ्या संख्येने पर्यटकांना आकर्षित करीत असे. एप्रिल २०१६ नंतर तो दिसला नाही. या प्रथेमुळे लोकांची आस्था वाढते, असे समर्थक म्हणतात. मोजक्या वाघांभोवतीच वाहने एकवटतात आणि वनातील इतर जीवसृष्टी दुर्लक्षित राहते, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

पर्यटकांच्या वाहनांमुळे वनात दिवसभर लक्ष राहते व चोरट्या शिकारीला काही प्रमाणात आळा बसतो, असा युक्तिवाद पर्यटनाच्या बाजूने केला जातो. मात्र गस्तीचा मुख्य भार वनरक्षक, वनमजूर व विशेष व्याघ्र संरक्षण दलावरच असतो, आणि पर्यटन नसलेल्या मोठ्या क्षेत्रात तो त्यांना पायीच वाहावा लागतो.

हे सुद्धा पहा

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प
मेळघाट व्याघ्र प्रकल्प
टिपेश्वर अभयारण्य
ज्ञानगंगा अभयारण्य
कारंजा-सोहोळ अभयारण्य
राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण